हिरव्यावर पांढरं म्हणजे खुरूज

फ्लेक्सच्या दुकानात कितीही झाडू मारला तरी कातरण संपत नाही. मशीनखाली सापडतं, खुर्चीच्या चाकात सापडतं, कधी चपलेला चिकटून थेट घरच्या देवघरापर्यंत जातं. किश्श्यांचं माझ्याकडे तसंच आहे. मी गोळा करायला जात नाही, तेच चिकटतात. त्यात दुकानाच्या डोक्यावर अरबीचा क्लास असेल तर मग विचारूच नका.

हौ, अरबीचा. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात. हसून घ्या आधी, मग सांगतो.

मी मूळचा ब्रशवाला. फ्लेक्स आलं, ब्रश गेला, पण गाव अजून मला पेंटरभाऊच म्हणतं. खाली माझं दुकान, वर पटले सरांचा क्लास. पटले सर आखातात पाण्याचा टँकर चालवून परत आलेले. येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या: एक काळा गॉगल, एक अत्तराची बाटली आणि अख्खी अरबी भाषा. पहिल्या दोन आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

क्लासला येणारे सगळे आखातात नोकरी शोधणारे, बहुतेक ड्रायव्हर. नागपूरचा एजंट म्हणे इंटरव्ह्यूत तिकडच्या रस्त्यावरच्या पाट्या दाखवतो आणि विचारतो, वाच. वाचलं तर विमान, नाही तर बालाघाटची बस. म्हणून सर फक्त पाट्या शिकवायचे. बाकीची भाषा तिकडे गेल्यावर आपोआप येते, असं त्यांचं मत होतं. टँकरमधल्या पाण्यासारखी, नळ सोडला की आली.

*

सरांनी मोबाइलमधले फोटो माझ्यापुढे ठेवले. तिकडच्या पाट्या. वर अरबी, खाली इंग्रजी. पहिलं काम काय सांगितलं? इंग्रजी उडवा. "नाही तर पोरं फुकटात वाचून घेतील."

मी अरबी अक्षरं कॉम्प्युटरवर गिरवून घेतली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वेलबुट्टी काढायची सवय होती. सनबोर्डवर चिकटवून मोठी कार्डं करायची ठरली. मी म्हटलं, सर, पांढऱ्यावर काळं करू. या अक्षरांना वरखाली बारीक ठिपके आहेत, रंगात बुडून जातील.

सरांनी गॉगल डोक्यावर चढवला.

"पेंटरभाऊ, पांढऱ्यावर काळं म्हणजे तेरवीची पत्रिका. तुम्ही जन्मभर बोर्ड रंगवले, पण माणसाचा डोळा नाही समजले. डोळ्याले आधी रंग दिसते. अक्षर मागून येते. तेही आलं तर."

मग त्यांनी रंग वाटून दिले. हिरव्यावर पांढरं म्हणजे खुरूज, बाहेर जायचा रस्ता. लालवर पांढरं म्हणजे खतर, धोका. निळ्यावर पांढरं म्हणजे मुस्तश्फा, दवाखाना. पिवळ्यावर काळं म्हणजे हळू जा. एक कार्ड गुलाबीवर सोनेरी होतं, बायकांच्या दाराचं. छापून आलं तेव्हा त्यावर नुसती चमक होती. अक्षरं कुठे आहेत ते मलाच सापडेना, आणि मी ती आदल्याच दिवशी गिरवली होती.

तसं सरांना दाखवलं. सर म्हणाले, "बायकांच्या दारावरचं वाचून आपल्याले काय करायचं आहे?"

*

या क्लासचा हिरो धनराज. हट्ट्याकडच्या एका खेड्यातला, लालबर्र्याच्या राइस मिलवर ट्रक चालवायचा. सरांनी कार्ड पिशवीतून काढायला सुरुवात केली, नुसता कोपरा बाहेर आला, की मागच्या बाकावरून धनराजचा आवाज यायचा, "खुरूज." पूर्ण कार्ड दाखवायची गरजच नाही. सर पोरांना सांगायचे, मागच्या जन्मी हा तिकडेच असला पाहिजे.

या कौतुकाने धनराजचं डोकं फिरलं. इंटरव्ह्यूची तारीख यायच्या आधीच त्याने मिलचा ट्रक आपल्या साळ्याला सोपवला. मिलवाल्याला सांगितलं, आता याला सांभाळा, मी चाललो. साळ्याने पहिल्याच दिवशी सीटवर नवं कव्हर घातलं आणि मागे आपल्या पोरीचं नाव लिहून घेतलं. माझ्याकडूनच लिहून घेतलं.

मी धनराजला हळूच विचारलं की बाबा, नापास झालास तर?

तो म्हणाला, "साळा आधीच बोलला आहे, पेंटरभाऊ. 'जिजाजी, स्टिअरिंग परत मागू नका. क्लीनरची जागा खाली आहे, ती तुमचीच.'"

म्हणजे हिशेब सरळ होता. पास झाला तर आखात, नापास झाला तर साळ्याच्या ट्रकवर क्लीनर. मागे उभं राहून 'आने दो, आने दो' ओरडायचं, आणि पुढच्या सीटवर साळा.

*

एकदा कार्डं मळली म्हणून सरांनी नवा सेट छापायला दिला. नेमकी त्या दिवशी माझ्या मशीनमधली मॅजेंटा शाई संपली. ही शाई नसली की लाल उमटतच नाही, सगळं पिवळं येतं. मी म्हटलं, उद्या नवीन काढून देऊ, आज वेळ मारून नेऊ. धोक्याचं कार्ड पिवळंधमक निघालं, तसंच वर पाठवलं.

थोड्या वेळाने वरून कोरस ऐकू आला, "हळू जा."

मी जिना चढून गेलो. सरांच्या हातात धोक्याचं कार्ड, आणि सगळा क्लास, सरांसकट, 'हळू जा' घोकतो आहे. मी कानात सांगितलं, सर, हे धोका आहे. लाल शाई संपली होती, अक्षरं तीच आहेत.

सरांनी कार्ड जवळ नेलं, लांब नेलं, थोडा वास घेतला. मग भर क्लासमध्ये माझ्यावरच उलटले.

"रंग बदलला म्हणजे शब्द बदलला, पेंटरभाऊ. तुमच्या एका शाईपायी उद्या एखादं पोरगं खड्ड्यात हळूहळू जाईन. त्याची जबाबदारी कोणाची?"

मी माफी मागून खाली आलो. पण मला कळलं होतं की वर अरबी कोणीच वाचत नाही. मला हेही कळलं होतं की सर कोणाला फसवत नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की हेच वाचन आहे.

*

क्लासमध्ये होमेंद्र नावाचा एक पोरगा होता. अगदी ढ. धनराज कोपरा बघून सांगायचा, तिथे हा कार्ड हातात घेऊन बसायचा. बोटाने एकेक वळण गिरवायचा, ठिपके मोजायचा, मग पुटपुटत काहीतरी सांगायचा. बरोबर सांगायचा, पण तोवर धनराजची अर्धी पिशवी संपलेली असायची.

सरांनी एके दिवशी त्याला उभं केलं. तू एवढा वेळ काहून घेतो? बाकीच्यांना दिसते ते तुले काहून नाही दिसत?

होमेंद्र खाली मान घालून म्हणाला की मला लाल आणि हिरव्यातला फरकच कळत नाही, लहानपणापासून. दोन्ही मातकट दिसतात.

"मग तुले दिसते काय?"

"मले नुसती अक्षरंच दिसतात, सर."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, बेटा, तू किराणा दुकान टाक. भाषा सगळ्यांच्या नशिबात नसते.

*

माझ्या शेजारी रफिकभाईंचं टायर-पंक्चरचं दुकान. लहानपणी मदरशात शिकलेले, त्यामुळे अरबी अक्षरं त्यांना वाचता येतात. मी मुद्दाम सरांना सुचवलं, परीक्षा घ्यायला रफिकभाईंना बोलवा. माझा डाव असा होता की एकदा खरा वाचणारा माणूस वर गेला म्हणजे सगळं उघडं पडेल.

रफिकभाई हात पुसून आले. सरांनी चकचकीत हिरवं कार्ड पुढे धरलं. खिडकीचं ऊन त्यावर पडलं होतं. रफिकभाईंनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली, कार्ड सावलीत नेलं. "रुकिए, चमक रहा है... खे... रे..."

तेवढ्यात मागून धनराज, "खुरूज."

पुढचं कार्ड. रफिकभाई चष्मा शोधत आहेत, तोवर धनराज, "मुस्तश्फा." तिसरं कार्ड गुलाबी-सोनेरी. रफिकभाईंनी ते उलटसुलट फिरवून विचारलं, हे वाचायचं आहे की लग्नात वाटायचं?

परीक्षा संपली. पटले सर पोरांकडे वळले आणि इतक्या प्रेमाने बोलले की मलाच भरून आलं. "पाहा. रफिकभाई लहानपणापासून शिकले. पण स्पीड पाहा त्यांचा, आणि आपला पाहा."

रफिकभाई जिना उतरताना मला म्हणाले, "पेंटरभाई, आपने मुझे क्यों फेल करवाया?"

*

मग सरांच्या डोक्यात आलं की लांबून पाटी वाचायचा सराव पाहिजे. जीप केली आणि सगळे निघाले हट्ट्याच्या बावडीला, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीला. मी पण गेलो. असल्या ठिकाणी मी नसलो तर किस्से कोणाला चिकटणार?

बावडीबाहेर माहितीचा सरकारी बोर्ड आहे. निळा, त्यावर पांढरी अक्षरं, स्वच्छ हिंदीत. सगळे शाळेत हिंदी शिकलेले. जीप थांबली, सरांनी लांबूनच बोट दाखवलं, आणि अख्ख्या क्लासने एका सुरात म्हटलं, "मुस्तश्फा."

सर म्हणाले, "शाब्बास."

तिथे एक म्हातारे बाबा बसले होते, खोकत. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी धनराजला विचारलं, क्या लिखा है बेटा? धनराजने अभिमानाने हिंदीत सांगितलं, अस्पताल.

बाबा उठले, भिंतीला धरून पायऱ्या उतरत खाली दिसेनासे झाले. मी थांबवायला धावलो, पण माझं पोट असं, आणि त्या पायऱ्या तशा. बऱ्याच वेळाने ते वर आले. धापा टाकत म्हणाले, "हाँ, सरकारी ही है. अंदर कोई नहीं है."

*

इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं आणि धनराजच्या गावाने सत्कार ठेवला. इंटरव्ह्यू व्हायचा होता, पण आमच्या भागात सत्काराला थांबवणं कोणाच्या हातात नसतं. फ्लेक्सची ऑर्डर माझ्याकडेच. धनराजची इच्छा होती की फोटोच्या वर अरबीतून दोन शब्द असावेत, म्हणजे साळा पाहत राहील.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये अरबी म्हणजे सरांच्या कार्डांएवढीच. मी अक्षरं काढून दाखवली. बॅकग्राउंड काढून, नुसती. धनराजने त्यातलं सगळ्यात लांब आणि डौलदार पसंत केलं. ते मी केशरीवर जांभळ्यात छापलं, कडेने फुलं सोडली. धनराजने डोळे भरून पाहिलं. ओळखलं नाही. मी मुद्दामच काही बोललो नाही, म्हटलं बघू या कोण ओळखतं.

सत्काराला प्रमुख पाहुणे पटले सर. त्यांनी फ्लेक्सकडे पाहून माइकवर सांगितलं की हा तिकडचा फार जुना आशीर्वाद आहे. टाळ्या पडल्या. साळ्यानेसुद्धा वाजवल्या, हळू.

दुसऱ्या दिवशी धनराज फ्लेक्स घडी करून दुकानात ठेवायला आला. रफिकभाई चहा पीत बसले होते. त्यांनी घडीवर दिसणारा शब्द सहज वाचला. "मुस्तश्फा. अरे, भरती हो रहे हो क्या?"

धनराजचा चेहरा उतरला. फ्लेक्स पुन्हा उलगडून पाहिलं. "पण पेंटरभाऊ, यात निळा कुठं आहे?"

तेव्हा त्याला पहिल्यांदा भीती वाटली. खाली बसला आणि विचारू लागला की नागपूरवाल्याने दुसऱ्याच रंगात दाखवलं तर? मी त्याला सरांकडे नेलं. सर म्हणाले, काळजी करू नको, एवढी मोठी कंपनी, ती काय रंगात कंजुसी करते?

*

धनराज मला नागपूरला घेऊन गेला. सगळी कार्डं माझ्या पिशवीत, शेवटची नजर टाकायला. बसमध्ये भंडाऱ्यापर्यंत तो हिरवं, लाल, निळं करत होता. पुढे एकदाच बोलला, "क्लीनरले दरवाज्याच्या बाजूला बसा लागते, पेंटरभाऊ. ऊन तिकडूनच येते."

एजंटच्या ऑफिसात टाय लावलेला एक साहेब. तोही आखातात राहून आलेला, अत्तरही साधारण सरांच्याच बाटलीतलं. धनराज म्हणाला, हे माझे पेंटरभाऊ, सोबत बसू द्या. साहेबाने मानेनेच बसवलं आणि एक कागद पुढे सरकवला.

झेरॉक्स. पांढऱ्यावर काळं.

धनराजने कागद पाहिला. मी धनराजला पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम फुटला. पण हा माणूस पावसाळ्यात भरलेला ट्रक घाटातून उतरवलेला, असा सहज ब्रेक मारणारा नाही. म्हणाला, "साहब, पहले आप पढ़ के सुनाइए. मैं उच्चारण मिला लूँ."

साहेबाने कागद घेतला. जवळ नेला, लांब नेला. मागची बाजू पाहिली, ती कोरी होती. टाय थोडा सैल केला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "अरे, कलर वाला सेट किधर है?"

कलरवाला सेट आला. धनराजचा जीव भांड्यात पडला. लाल निघालं, "खतर." साहेब म्हणाला, सही. पिवळं निघालं, "हळू... धीरे चलो." सही. मग हिरवं निघालं. कोपरा दिसताच धनराज, "खुरूज."

"गलत," साहेब म्हणाला. "हरा मतलब मुस्तश्फा."

"मुस्तश्फा नीला होता है, साहब."

"हमारे यहाँ हरा होता है."

दोघांची जुंपली. एक हिरव्याच्या बाजूने, एक निळ्याच्या. कार्ड मध्ये टेबलावर पडलेलं, त्यावर काय लिहिलं आहे याकडे दोघांपैकी एकाचीही नजर गेली नाही. साहेबाने चिडून पेन उचललं आणि धनराजच्या नावापुढे फुली मारायला वाकला.

धनराजने माझ्या पिशवीतून आमचं हिरवं कार्ड ओढलं आणि त्या हिरव्याशेजारी ठेवलं. शेजारी शेजारी दोन हिरवी. अक्षरं तर उघडउघड वेगळी. एकावर आखूड शब्द, दुसऱ्यावर लांबलचक. मी गिरवलेली असल्यामुळे मला लगेच दिसलं. पण हे बोललो असतो तर धनराज बुडाला असता, आणि साहेबही.

"ये किसने छापा?" साहेबाने विचारलं.

"इन्होंने," धनराज म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. साळ्याच्या नव्या सीटकव्हरकडे बघावं तसा.

मी दोन्ही कार्डं उचलली. खिडकीपाशी गेलो. सोनाराने कस लावावा तशी उन्हात तिरकी धरली. नखाने एकदा टिचकी मारली. सावकाश परत आलो आणि सांगितलं, "साहब, दोनों सही हैं. हमारा वाला बोतल हरा है, बोतल हरा मतलब खुरूज. आपका वाला तोतई हरा है, तोते जैसा. तोतई मतलब मुस्तश्फा. हमारे बालाघाट में अभी तोतई का चैप्टर नहीं हुआ."

साहेब खुर्चीत मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला जसा तोच नापास होता होता वाचला.

"मैं भी तो वही बोल रहा था," तो म्हणाला, आणि फुलीसाठी उचललेल्या पेनने धनराजच्या नावापुढे बरोबरची खूण केली. मेडिकलला कधी यायचं तेही सांगितलं. धनराजने टेबलाला हात लावून नमस्कार केला, मग माझ्या पायाला, मग चुकून पुन्हा टेबलाला.

आम्ही दारापर्यंत पोचलो. मागून आवाज आला.

"पेंटरसाहब, एक मिनट."

वळून पाहिलं. साहेबाने कोरा कागद पुढे ओढला होता आणि पेन उघडं होतं.

"और मेहंदी हरा?"

मी धनराजला म्हटलं, तू खाली जाऊन चहा सांग. आणि परत येऊन खुर्चीत नीट बसलो.